हाइक, हायकू आणि सतरा अक्षरं

विनोद फालतू होता हे आधीच कबूल करतो. माऊंट साय चढताना धापा टाकत आमच्यातला एकजण म्हणाला, "एवढं हाइक करून शेवटी मिळतं काय? हाइक-कू!" झालं. तेव्हापासून सिअॅटलच्या आमच्या शनिवारच्या टोळक्यात नियमच पडला. वर पोचलं की प्रत्येकाने तीन ओळी म्हणायच्या, मगच थालीपिठांचा डबा उघडायचा. इंग्रजीत ही कोटी फक्त कानाला लागते. देवनागरीत हायकिंग आणि हायकू शेजारी-शेजारी लिहून बघा, डोळ्यांनाही लागते.

परवा कोजागिरीच्या पॉटलकला ही बातमी एका ज्येष्ठ काकांपर्यंत पोचली आणि मसाला दूध बाजूला राहिलं. "अरे, हायकू म्हणजे झेन साधना! पाच-सात-पाच, सतरा अक्षरं. त्याची काय थट्टा लावलीय तुम्ही?" दोन-तीन माना डोलल्या. मी गप्प बसलो (दूध त्यांच्याच घरचं होतं). पण गाडीत बसल्यापासून डोक्यात जे सुरू झालंय ते काही थांबत नाही. काकांबद्दल पूर्ण आदर ठेवून सांगतो, ते साफ चुकताहेत.

आधी थट्टेचं बघू. जपानीत "हायकाई" या शब्दातच गंमत, खट्याळपणा आहे. दरबारी लोक एकत्र बसून "रेंगा" नावाची साखळी-कविता करायचे, ती भारदस्त. तिचं खोडकर भावंडं म्हणजे हायकाई. या साखळीची पहिली कडी म्हणजे "होक्कू", आणि तीच पुढे सुटी होऊन मोठी झाली. "हायकू" हे नाव रूढ केलं मासाओका शिकीने, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस. "हायकाई नो कू" आखडून केलेला शब्द तो. बाशो १६९४ साली गेला, म्हणजे ज्या बाशोच्या नावाने काका आम्हाला दटावतात त्याच्या काळी हे नाव चलनातही नव्हतं. जोडून-तोडून तयार झालेल्या शब्दाला आम्ही आणखी एक जोड दिली, तर एवढं काय बिघडलं?

आता चालण्याचं. १६८९ साली बाशो आपला शिष्य सोरा याला घेऊन एदोहून निघाला. एदो म्हणजे आजचं टोकियो. उत्तरेकडे जाऊन मग पश्चिम किनाऱ्याने खाली, असे पाच महिने, सुमारे २४०० किलोमीटर, बहुतेक पायी. त्यातून "ओकू नो होसोमिची" हे पुस्तक झालं, ते छापलं गेलं त्याच्या मृत्यूनंतर, १७०२ साली. या प्रवासात एका नाक्यावरच्या पहारेकऱ्याच्या घरी वादळामुळे ते अडकले. तिथे बाशोने काय लिहावं? उशाशी मुतणाऱ्या घोड्यावर हायकू! तर काका, साधना असेल, मी नाही म्हणत नाही, पण घोडाही होता. आणि गुरुजी तिथपर्यंत पायांनी गेले होते, सोफ्यावरून नाही.

अमेरिकेतही ही जोडी आम्ही जमवलेली नाही. जॅक केरुअॅकने १९५५ साली कवी गॅरी स्नायडरबरोबर कॅलिफोर्नियातल्या मॅटरहॉर्न पीकची चढाई केली. (स्वित्झर्लंडचं ते वेगळं.) त्यावर बेतलेली "द धर्मा बम्स" ही कादंबरी १९५८ साली आली. त्यात ही मंडळी चालता-चालता हायकू फेकत असतात, टिवल्याबावल्या करत असतात, आणि निवेदक तर शिखराच्या थोडा अलीकडेच बसकण मारतो. मला हा माणूस तेव्हाच आपला वाटला. पुढच्या वर्षी केरुअॅक आमच्याच वॉशिंग्टन राज्यात डेसोलेशन पीकवर वणव्याची टेहळणी करायला एकटा ६३ दिवस राहिला.

राहिली सतरा अक्षरं. इथे मात्र इंजिनियर म्हणून माझा जीव तुटतो. जपानी लोक मोजतात ते अक्षर नव्हे, ती जवळपास आपली मात्रा! आपण टोकियो तीन अक्षरांत उरकतो. जपानी माणूस त्याचे चार मोजतो, कारण दोन्ही "ओ" दीर्घ. लघु एक, गुरू दोन हे शाळेत घोकलेल्या मराठी माणसाला तरी हे कळायला हवं. ते युनिट न बदलता नुसता आकडा उचलायचा, म्हणजे मीटरचा आकडा फुटात लिहून पूल बांधण्यासारखं आहे. मराठीत शिरीष पैंनी हायकू रुजवला, तो काही कॅल्क्युलेटर घेऊन नाही.

पुरावा देतो. आमच्यातल्या एका शिस्तप्रिय मित्राने माथ्यावर म्हटलेला हा हायकू. बोटांवर मोजा, अक्षरं बरोब्बर सतरा:

निसर्ग किती
सुंदर आहे आज
खरेच किती

आणि हा त्याच्या बायकोचा, जिचा गुडघा तिसऱ्या मैलावर बोलायला लागला होता:

गुडघा म्हणाला बस
काठी टेकत सत्तरीच्या आजी
पुढे गेल्या

हिशेबात दुसरा नापास. पण त्या आजी आम्हा सगळ्यांना अजून दिसतात. पहिल्यातलं काय दिसतं, सांगा.

पण आमच्या टोळक्यालाही मी सोडणार नाही. माऊंट साय म्हणजे जाऊन-येऊन आठ मैल, चढ ३१५० फूट. हे आकडे आमच्या प्रत्येकाच्या घड्याळात असतात आणि खाली आल्यावर तेवढेच तोंडात असतात. हायकूला ऋतू लागतो. जपानीत त्यासाठी ऋतूचे खास शब्द आहेत, त्यांचे कोश आहेत. आमच्याकडे काय निघतं? मोगरा, पळस, कोकिळा! डग्लस फरच्या जंगलात, बर्फाचा वारा अंगावर घेत, एका गृहस्थाने मोगरा दरवळवला. आम्ही टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

परतताना लाज वाटली. माझी आजी कधी शाळेत गेली नाही, पण सोनकी, तेरडा बघून दिवस कुठले ते सांगायची. मी इथे पंधरा वर्षं राहतो आणि सुया असलेलं प्रत्येक झाड मला "ख्रिसमस ट्री". शेंडा मान टाकल्यासारखा झुकलेला तो हेमलॉक, साल पट्ट्यांनी सुटते तो सीडर, हे मला माझ्या नऊ वर्षांच्या मुलीने सांगितलं. एप्रिलमध्ये तीन पाकळ्यांचं पांढरं ट्रिलियम फुलतं आणि जुनं होताना गुलाबी पडतं, हेही तिनेच. गहाण, हप्ते, व्हिसा, ग्रीन कार्ड, सगळं इथलं. ऋतू तेवढा अजून भोरचा.

म्हणून नियमात दुरुस्ती केली आहे. थट्टा चालू राहील. अक्षरं कोणी मोजणार नाही. मात्र मोगरा, पळस, कोकिळा आणि "निसर्ग" हे शब्द वॉशिंग्टन राज्यात बंद. वाटेवर डोळ्यांनी पाहिलेली एक तरी गोष्ट नावानिशी आली पाहिजे, नाव येत नसेल तर माझ्या मुलीला विचारा. नाहीतर थालीपीठ नाही.

काकांना फोन केला होता. बराच वेळ ऐकून घेतलं, मग म्हणाले, "येतो, पण चढ नको रे." त्यामुळे या शनिवारी स्नोक्वाल्मी व्हॅली ट्रेल, जुन्या रेल्वेची वाट, सपाट. व्हाइन मेपल लाल झालेत. पाऊस सांगितलाय, छत्र्या नकोत, जॅकेट आणा.