जुन्या इंजिनाला टर्बो नको, ब्लोअर चालेल

कोल्हापुरात माझं इंजिन बोअरिंगचं वर्कशॉप आहे. ट्रक, टेम्पो, ट्रॅक्टरची इंजिनं खोलणं हे आमचं रोजचं काम. पण गेल्या काही वर्षांत आजोबांची अ‍ॅम्बेसिडर किंवा फियाट दारात आणून उभी करणारे तरुण वाढले आहेत. बॉडीचं काम झालेलं असतं, रंग झालेला असतो, सीटकव्हर नवी असतात. मग हळूच विचारणा होते : "ताई, भंगार बाजारात डिझेल गाडीचा टर्बो मिळालाय. बसवून द्याल? जरा पिकअप पाहिजे." एखादा जास्त वाचलेला असतो. तो विचारतो, टर्बो बरा की सुपरचार्जर?

माझं मत पक्कं आहे. कार्ब्युरेटरच्या जमान्यातल्या इंजिनात हवा दाबून भरायचीच असेल तर पट्ट्यावर चालणारा सुपरचार्जर लावा, तोही कमी दाबाचा. आम्ही त्याला ब्लोअर म्हणतो. टर्बो त्या इंजिनाच्या वाट्याला जाऊ देऊ नका.

काम दोघांचं एकच : सिलिंडरमध्ये जास्त हवा कोंबायची, म्हणजे जास्त पेट्रोल जाळता येतं. फरक आहे तो ही हवा कोंबायची ताकद आणायची कुठून, यात. टर्बो सायलेन्सरकडे निघालेल्या जळक्या वायूवर फिरतो, ब्लोअर थेट क्रँकवरून. स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्यूखी यांनी 1905 साली टर्बोच्या कल्पनेचं पेटंट घेतलं. वाया जाणारी शक्ती त्यात कामाला लागते, म्हणून आज जवळपास प्रत्येक ट्रकवर तो आहे आणि त्याच्या उपयोगाबद्दल माझ्या मनात शंका नाही. ब्लोअर त्याहून जुना. अमेरिकेतल्या रूट्स बंधूंनी 1860 मध्ये ज्या हवा-पंपाचं पेटंट घेतलं, त्याची रचना मोटारीच्या कितीतरी आधीची आहे. तो क्रँकची थोडी ताकद खातो आणि हवाही टर्बोपेक्षा जास्त तापवतो. नुसता हिशेब मांडला तर टर्बोच जिंकतो, हे मी मान्य करते.

पण आपण हिशेब मांडतोय तो कोणत्या इंजिनाचा? अ‍ॅम्बेसिडरचं 1489 सीसीचं पेट्रोल इंजिन घ्या. हे मूळचं ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनचं बी-सिरीज, एमजीए या स्पोर्ट्स कारमध्येही होतं तेच कूळ. बोअर 73 मिलिमीटर, स्ट्रोक जवळपास 89. स्ट्रोक लांब, म्हणून फेरे कमी. हे इंजिन खालच्या फेऱ्यांत ओढण्यासाठी घडवलंय. करूळ घाटात एखाद्या वळणावर गाडी दुसऱ्या गिअरमध्ये रांगत असते, तेव्हाच तिला ताकद हवी असते. नेमकं त्या वेळी सायलेन्सरकडे जाणारा वायू इतका थोडा असतो की टर्बोचं चाक धड फिरतच नाही. वळण संपतं, रस्ता सरळ होतो आणि मग टर्बो जागा होतो. ब्लोअरचं तसं नाही. क्रँक फिरली की तोही फिरला. पाय दाबला त्याच क्षणी गाडी ओढते, आणि ओढ एकसारखी वाढत जाते. मोठं इंजिन बसवल्यासारखी गाडी चालते, तिचा स्वभाव बदलत नाही. जुनी गाडी चालवण्यात जी मजा आहे ती याच स्वभावात आहे, असं मला वाटतं.

दुसरं कारण उष्णतेचं, आणि माझ्या दृष्टीने तेच मोठं. बी-सिरीजच्या हेडला इनलेट आणि एक्झॉस्ट एकाच बाजूला आहेत. मधल्या दोन सिलिंडरांचा जळका वायू तर एकाच सामाईक तोंडातून बाहेर पडतो, त्यामुळे हेडचा मधला भाग आधीच सगळ्यात गरम. तिथे लालबुंद होणारा टर्बो टांगायचा आणि त्याच्या शेजारीच कार्ब्युरेटर ठेवायचा! उन्हाळ्यात ट्रॅफिकमध्ये पेट्रोलची वाफ धरणार आणि गाडी बंद पडणार. टर्बोच्या बेअरिंगला इंजिनाचंच ऑइल लागतं. गाडी जोरात आणून लगेच चावी फिरवली की ते ऑइल आत करपतं. ट्रकचे असे कितीतरी टर्बो आम्ही उघडतो, आत काळा खडा साचलेला असतो. ब्लोअरही तापतो, पण हवा दाबल्यामुळे, त्याला जळक्या वायूचा स्पर्श होत नाही. शिवाय कार्ब्युरेटर त्याच्या तोंडाशी बसवता येतो, आत जाणारं पेट्रोल हवेला थोडं थंड करतं, आणि जोडणी साधी राहते. टर्बोने दाबलेली हवा कार्ब्युरेटरमधून घालायची म्हटली की फ्लोट चेंबर सीलबंद करा, पेट्रोलचा दाब हवेच्या दाबाबरोबर वाढवा, अशी कामाला कामं लागतात.

दाब किती? पाच-सहा पौंड, त्यावर नाही. वातावरणाचा दाबच सुमारे पावणेपंधरा पौंडांचा, त्यात पाच-सहाची भर म्हणजे या इंजिनाला भरपूर झालं. चार सिलिंडरांच्या या क्रँकला आधार फक्त तीन मेन बेअरिंगचा आहे. जास्त दाबलं तर आधी नॉकिंग सुरू होईल, मग हेड पॅकिंग जाईल, मग पिस्टन. स्पार्कचं टायमिंग मागे घ्यावंच लागतं. आणि आता पंपावर 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, त्याला जुन्या जेटमधून पुरेसं इंधन मिळत नाही, मिश्रण पातळ होतं. दाबाखाली पातळ मिश्रण म्हणजे पिस्टनला भोक. जेट मोठे करा, जुने रबरी पाइप आणि सील बदला, मग बाकीचं बोला.

"मोठमोठ्या कंपन्यांनीही टर्बो लावलेच ना?" हा प्रश्न येतो. लावले. ओल्ड्समोबिलने 1962 मध्ये जेटफायर ही टर्बोची पेट्रोल कार बाजारात आणली. तिचं कॉम्प्रेशन 10.25 ला 1 इतकं चढं होतं. नॉकिंग होऊ नये म्हणून पाणी आणि मेथनॉलचं एक मिश्रण वेगळ्या टाकीतून इंजिनात सोडत. ती टाकी भरायची काळजी अनेक मालकांनी घेतली नाही. शेवटी कितीतरी गाड्यांचे टर्बो काढून साधे कार्ब्युरेटर बसवले गेले. बीएमडब्ल्यूने 1973 मध्ये 2002 टर्बो काढली तेव्हा कॉम्प्रेशन 6.9 पर्यंत खाली आणलं, म्हणजे टर्बोसाठी इंजिनच बदललं. ज्या गाडीला कारखान्यातून टर्बो आला, तिच्यावर तो जरूर सांभाळा. गॅरेजमध्ये आपण ते सगळं उभं करायला गेलो तर इलेक्ट्रॉनिक इंधन, कंप्युटर, इंटरकूलर, नवे पिस्टन इथपर्यंत पोहोचतो. मग बॉनेटखाली आजोबांच्या गाडीचं काय उरलं?

ब्लोअरच्या बाजूने बोलताना मला नेहमी ब्लोअर बेंटली आठवते. 1929 च्या सुमारास टिम बर्किन या रेसरने डोरोथी पॅजेट यांच्या पैशावर साडेचार लिटरच्या बेंटलीला अँहर्स्ट व्हिलियर्स यांचा ब्लोअर बसवला. खुद्द डब्ल्यू. ओ. बेंटली यांना हे मुळीच मान्य नव्हतं. ताकद हवी तर इंजिन मोठं करा, हा त्यांचा मार्ग. इंजिनाच्या रचनेत ब्लोअरला जागा करून द्यायला त्यांनी नकार दिला, म्हणून तो क्रँकच्या पुढच्या टोकावर, रेडिएटरच्याही पुढे बसला, आणि आज ती गाडी ओळखली जाते ती याच नाकामुळे. अशा 55 गाड्या झाल्या. 1930 च्या ले मान्समध्ये ब्लोअर गाड्या शर्यत पूर्ण करू शकल्या नाहीत. पहिल्या दोन जागा मिळाल्या त्या बिनब्लोअरच्या, साडेसहा लिटरच्या स्पीड सिक्सला. त्याच वर्षी पो इथल्या फ्रेंच ग्रां प्रीमध्ये बर्किन मात्र हलक्या रेसिंग गाड्यांच्या गर्दीत तीच अवजड ब्लोअर घेऊन दुसरा आला. बेंटलीसाहेबांचं इंजिनाबद्दलचं म्हणणं ले मान्सने खरं केलं. पण ज्यांनी ब्लोअर लावला त्यांनीही क्रँक, पिस्टन, ऑइलची व्यवस्था आधी मजबूत केली होती. आपल्याकडचे उत्साही लोक नेमका तोच भाग वगळतात. अ‍ॅम्बेसिडरच्या चारही चाकांना ड्रम ब्रेक असताना आधी ताकद वाढवायची आणि ब्रेकचं नंतर बघू म्हणायचं, हे मला अजिबात पटत नाही. ब्रेक, बेअरिंग आणि कूलिंग झाल्याशिवाय मी ब्लोअरच्या कामाला हात लावत नाही.

आता कायदा. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार नोंदणी प्रमाणपत्रातल्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल करता येत नाही, आणि 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही बाब आणखी स्पष्ट केली. 2021 च्या नियमांप्रमाणे 50 वर्षांहून जुन्या गाडीला व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी मिळते, पण इंजिनात, चासीत, बॉडीत मोठा बदल केलेला नसेल तरच. गाडी दुर्मीळ असेल, इंजिन नंबर मूळचा असेल, तर तिला काहीच लावू नका. बाकीच्यांनी कामाला हात घालण्यापूर्वी आरटीओत लेखी विचारावं आणि विम्याच्या कागदावरही तसं लिहून घ्यावं.

सरकारकडेही एक मागणी आहे. ब्रिटनमध्ये या जुन्या इंजिनांच्या जमान्यात शॉरॉकसारखे ब्लोअर बाजारात सुटे मिळत आणि लोक ते आपल्या मॉरिस मायनरला, एमजीला लावत. हेड न कापता बसणारा आणि बोल्ट काढले की उतरणारा असा ब्लोअर तपासणी करून नोंदणी प्रमाणपत्रात नोंदवायची सोपी वाट काढावी. आज ती नसल्यामुळे ही कामं लपूनछपून होतात आणि ब्रेक कोणी तपासत नाही.

आणि गाडीवाल्यांनो, ब्लोअर लावलात तरी मूळ मॅनिफोल्ड, कार्ब्युरेटर आणि पुली भंगारात देऊ नका. ऑइल लावून, गाडीचा नंबर लिहून घरात ठेवा. पुढच्या मालकाला ती गाडी पुन्हा जशीच्या तशी करावीशी वाटली तर त्याला हे भाग सापडले पाहिजेत.