फिरत्या दट्ट्याची जुनी मोटार घेतांना

जुनी मोटार विकत घेणें म्हणजे तिच्या पूर्वीच्या मालकाच्या सवयी विकत घेणें होय. हें सर्वच मोटारींच्या बाबतींत खरें आहे. परंतु माझदा या जपानी कंपनीच्या आरएक्स-७ व आरएक्स-८ या वेगवान गाड्यांना तें जितकें लागू पडतें, तितकें क्वचितच दुसऱ्या गाडीला पडत असेल. आपल्याकडील रस्त्यांवर या गाड्या सहसा दिसत नाहींत. परंतु आमच्या वाचकांपैकीं अनेकांचे मुलगे, पुतणे व भाचे आज अमेरिकेंत आणि इंग्लंडांत नोकरीस आहेत. हातीं थोडी शिल्लक पडतांच एखाद्या तरुणाची दृष्टि जाहिरातींतील आरएक्स-८ वर जाते. गाडी देखणी, वेगवान आणि किंमत मात्र आश्चर्य वाटावें इतकी कमी! मग घरीं फोन होतो. वडील मंडळी एका शब्दांत नकार देतात, मुलगा एका शब्दांत होकार मागतो, आणि यंत्राविषयीं दोन्ही पक्षांस सारखेंच अज्ञान असतें. तें थोडेंबहुत दूर व्हावें, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

सामान्य मोटारीच्या एंजिनांत दट्ट्या खालींवर होतो व त्या हालचालीचें रूपांतर चाकांच्या फिरण्यांत करावें लागतें. फेलिक्स व्हांकेल या जर्मन संशोधकानें दट्ट्यालाच फिरावयास लावलें. त्याच्या एंजिनांत फुगीर बाजूंचा एक त्रिकोण, म्हणजे रोटर, लांबट पोकळींत फिरत असतो. आणि त्याच्या तीन बाजू व पोकळीची भिंत यांच्यामध्यें इंधन घेणें, दाबणें, पेटविणें व धूर बाहेर टाकणें हीं चारी कामें होतात. रोटरच्या एका फेऱ्यांत मधला दांडा तीनदां फिरतो. झडपा नाहींत, धक्के नाहींत. म्हणून एंजिन लहान, हलकें व अत्यंत सुरळीत चालणारें होतें. आरएक्स-८ चें एंजिन अवघें १३०८ घनसेंटिमीटरचें. पण तिच्या सहा गिअरांच्या प्रकारांत तें मिनिटास ९००० फेऱ्यांपर्यंत जातें.

या गुणांबरोबरच दोष आला. रोटरच्या तीन टोकांवर बारीक पट्ट्या असतात. त्यांस एपेक्स सील म्हणतात. एका कप्प्यांतील दाब दुसऱ्यांत जाऊं न देण्याचें काम मुख्यतः या पट्ट्यांवर असतें, आणि हें काम त्यांना तापलेल्या भिंतीवर अखंड घासत राहून करावें लागतें. पश्चिम जर्मनींतील एनएसयू कंपनीनें १९६७ सालीं रो-८० ही गाडी काढली. पुढील वर्षीं तिला युरोपांतील उत्कृष्ट मोटारीचा मान मिळाला. परंतु पट्ट्या लवकर झिजूं लागल्या, हमीखालीं एंजिनें बदलून देतां देतां कंपनी जेरीस आली आणि १९६९ सालीं ती फोक्सवॅगनच्या पंखाखालीं गेली. जपानांत हिरोशिमा येथें केनइची यामामोतो यांच्या हाताखालीं सत्तेचाळीस एंजिनिअर याच प्रश्नाशीं झगडत होते. पोकळीच्या भिंतीवर उठणाऱ्या चऱ्यांना त्यांनीं ‘सैतानाच्या नखांचे ओरखडे’ असें नांव दिलें होतें. कार्बन व अॅल्युमिनियम यांच्या मिश्रणाच्या पट्ट्यांनीं तो सैतान बराचसा आटोक्यांत आला, आणि १९६७ सालीं कॉस्मो स्पोर्ट ही गाडी बाजारांत आली. १९९१ सालीं याच जातीच्या एंजिनानें फ्रान्समधील ल मां येथील चोवीस तासांची शर्यत जिंकली. तात्पर्य, हें एंजिन मुळांत कच्चें आहे असें म्हणणें अन्यायाचें होईल. तें पथ्याचें आहे, इतकेंच.

तें पथ्य कोणतें? पहिलें वंगणाचें. पट्ट्यांना वंगण मिळावें म्हणून हें एंजिन थोडें थोडें तेल मुद्दाम आंत सोडून जाळतें. तेल जळणें हा येथें रोग नसून योजना आहे. म्हणून दर दुसऱ्या वेळीं इंधन भरतांना तेल पाहणें अवश्य असतें. ज्या मालकानें हें एंजिन इतर एंजिनांसारखेंच समजून सहा महिने झांकण उघडलें नाहीं, त्यानें पट्ट्यांचें आयुष्य आपल्या हातानें कमी केलें. दुसरें पथ्य असें कीं, थंड एंजिन सुरू करून लगेच बंद करूं नये. फाटकांतून गाडी चार हात हलविली आणि थांबविली, कीं आंत न जळलेलें इंधन सांचतें आणि मग गाडी सुरूच होत नाहीं. तिसरें पथ्य ठिणगी पाडणाऱ्या कॉइलांचें. आरएक्स-८ मध्यें त्या लवकर दुबळ्या होतात. न जळलेलें इंधन पुढें जाऊन धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बिघडवतें, तो तुंबतो, आणि कोंडलेली उष्णता परत एंजिनासच भाजते. स्वस्त वस्तूच्या हयगयीनें महाग वस्तु जाते, ती अशी.

आरएक्स-७ च्या शेवटच्या पिढींत निराळी चिंता असते. तिच्यांत दोन टर्बो असतात, उष्णता फार, आणि रबरी नळ्यांचें जाळें दाट. शिवाय हौशी मालकांनीं शक्ति वाढविण्यासाठीं केलेले फेरफार! इंधनाचा पुरवठा न वाढवितां हवेचा दाब वाढविला, तर अवेळीं होणाऱ्या स्फोटानें पट्टी एका क्षणांत तुटते.

आतां परीक्षेकडे वळूं. विक्रेत्यास आधींच बजावावें कीं, आम्ही येईपर्यंत गाडी सुरू करूं नका. थंड एंजिन कसें उठतें तें पहावें. नंतर अर्धा तास चालवून दहा मिनिटें बंद ठेवावें आणि पुन्हां सुरू करावें. गरम असतांना तें बराच वेळ कुरकुरूं लागलें, तर आंतील दाब उतरला असें बहुधा समजावें. थंड पाण्याची पातळी वारंवार उतरत असेल किंवा त्यांत बुडबुडे येत असतील, तर आंतील पाणी अडविणाऱ्या कड्या गेल्या असण्याचा संभव असतो.

परंतु खरा निर्णय दाबाच्या मापनावर करावा. प्रत्येक रोटरला तीन बाजू, रोटर दोन. म्हणून आंकडे सहा हवेत. विक्रेता दोनच आंकडे दाखवूं लागला, तर त्यानें साधें माप लावलें असें ओळखावें. तें तिहींपैकीं सर्वांत चांगला आंकडा तेवढा दाखवितें आणि दुबळी बाजू लपवितें. आरएक्स-८ मध्यें मिनिटास २५० फेऱ्यांच्या हिशेबानें दर चौरस सेंटिमीटरला ८.५ किलोग्रॅम हा नव्या एंजिनाचा दाब, आणि ६.९ ही शेवटची मर्यादा. एकाच रोटरच्या बाजूंत १.५ पेक्षां व दोन रोटरांत १.० पेक्षां अधिक तफावत असूं नये. हें मापन या एंजिनाच्या माहितगाराकडूनच करवावें. त्याची मजुरी जड वाटून जो तें टाळतो, तो म्हैस पाण्यांत असतांनाच तिचें मोल करतो.

आरएक्स-८ चें उत्पादन २०१२ सालीं थांबलें. म्हणजे तींतली धाकटींत धाकटी गाडीहि आज दहा वर्षांहून अधिक वयाची आहे. अमेरिकेंत कंपनीनें २००४ ते २००८ च्या गाड्यांसाठीं एंजिनाची हमी आठ वर्षें किंवा एक लक्ष मैलांपर्यंत वाढविली होती; तिची मुदत केव्हांच संपली. त्या हमीखालीं एंजिन बदललें असल्यास त्याचा कागद मागावा. ‘एंजिन नुकतेंच बांधून घेतलें’ या शब्दांना, कोणी बांधलें व कोणते भाग नवे घातले हें सांगणाऱ्या बिलावांचून कांहींच किंमत नाहीं. गाडी स्वस्त कां, याचेंहि उत्तर येथेंच आहे. एंजिन नव्यानें बांधण्याचा खर्च कित्येकदां सबंध गाडीच्या किंमतीइतका होतो. म्हणून जाहिरातींतील किंमत ही अर्धी किंमत समजावी, आणि दुसरें अर्ध बँकेंत राखून ठेवतां येत असेल तरच पुढें पाऊल टाकावें. कामावर जाण्यास ही एकच गाडी असेल, तर तो विचारच सोडावा.

घरांतील वडील मंडळींस आमची एक विनंति आहे. तरुणाच्या हौशीस सरसकट नकार दिल्यानें हौस मरत नाहीं. ती फक्त घरीं सांगितली जात नाहीं, आणि मग कर्ज काढून घेतलेल्या गाडीची बातमी ती बंद पडल्यावर येते. त्यापेक्षां मुलास सहा आंकडे, तेलाच्या व दुरुस्तीच्या नोंदी आणि राखीव रकमेचा हिशेब पाठवावयास सांगावें. हीं तिन्ही समाधानकारक असतील, तर आनंदानें संमति द्यावी. नसतील, तर नकार देण्याचें काम आंकडेच करतील, आणि बापलेकांत वितुष्ट येण्याचें कारण उरणार नाहीं.