नुसतें पाणी सोसत नाहीं तेव्हां

अमरकोशांत पाण्यास जीं अनेक नांवें दिलीं आहेत त्यांत 'जीवन' व 'अमृत' हीं दोन्ही आहेत. ज्यास जीवन म्हणावयाचें त्याच्याच दोन घोटांनीं पोट डब्ब होतें, मळमळतें, कळ येते, असें कोणी म्हणूं लागलें म्हणजे ऐकणारास तें खरें वाटत नाहीं. भरल्या घरांत असें म्हणणारी बहुधा एखादी सून असते, नाहीं तर माजघरांत बसलेली एखादी वृद्ध आत्या असते. "पाणी का कुठें कोणाला बाधतें? सगळे नखरे!" असा शेरा मारून घरचे लोक मोकळे होतात. मग ती बाई तक्रार करणें सोडते, आणि हळूहळू पाणी पिणेंहि सोडते. ऐन वैशाखांत दिवसभर दोन फुलपात्रें पाण्यावर राहाणाऱ्या अशा बायका आम्हीं पाहिल्या आहेत. पुढें मलावरोध, लघवीची जळजळ, डोकेदुखी, उठतांना घेरी, क्वचित् मूतखडा, असे विकार एकामागून एक येतात आणि त्यांचें मूळ कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. म्हणून या मासीं हाच विषय घेण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम हें सांगितलें पाहिजे, कीं ही तक्रार खरी असूं शकते. जठर म्हणजे कांहीं कातड्याची पखाल नव्हे. अन्न किंवा पाणी आंत येतांच निरोगी जठराचा वरचा भाग सैल होऊन आलेल्या जिनसास जागा करून देतो. कांहीं माणसांत तो पुरेसा सैल होत नाहीं. दुसऱ्या कांहींच्या जठराची जाणीव इतकी तीव्र असते, कीं इतरांस न कळणारा ताण त्यांस दुखणें म्हणून कळतो. दुर्बीण घालून पाहिलें तर आंत व्रण नाहीं, गांठ नाहीं, कांहीं नाहीं; तरी त्रास होतो तो होतोच. या विकारास डॉक्टर लोक 'फंक्शनल डिस्पेप्सिया' म्हणतात; आपण त्यास जठराच्या कार्याचें वैगुण्य म्हणूं. त्याची एक परीक्षा अशी, कीं पोट पुरतें भरल्यासारखें वाटेपर्यंत रोग्यास साधें पाणी पाजावयाचें व किती गेलें तें मोजावयाचें. अशा रोग्यांचें पोट निरोगी माणसापेक्षां कमी पाण्यांत भरतें, असें या परीक्षेंत दिसून आलेलें आहे. तेव्हां 'नखरे' हा शब्द या प्रकरणांतून अजिबात काढून टाकावा.

मात्र पाण्यानें पोट दुखण्याचें हें एकच कारण नव्हे. पाणी कसें प्यालें, किती प्यालें, कसल्या भांड्यांतून प्यालें आणि कोठलें प्यालें, या चार प्रश्नांचीं उत्तरें मिळालीं म्हणजे बहुतेक घरांतील तक्रारींचा उलगडा होतो.

पिण्याची रीत आधीं पाहूं. भांडें ओठांस न लावतां वरून पाणी पिण्याची चाल आपल्या घरांतून फार. उष्टें होऊं नये हा तिचा हेतु चांगला आहे. पण मान मागें टाकून गटगट ओततांना घोटागणिक थोडी हवाहि पोटांत जाते. त्या हवेनें पोट फुगतें, ढेंकरा येतात, आणि दोष मात्र पाण्याच्या माथीं बसतो. यावर उपाय सोपा आहे. घरांतील प्रत्येकाचें फुलपात्र निराळें असावें, आणि बसून, ओठ लावून, एकेक घोट गिळून मग दुसरा घ्यावा. त्यानें सोंवळेंहि सांभाळतें आणि पोटहि सांभाळतें.

दुसरा प्रश्न प्रमाणाचा. वाग्भटानें अष्टांगहृदयांत पोटाचे चार भाग कल्पून दोन अन्नास, एक पेयास दिला आहे व चौथा वायूसाठीं मोकळा ठेवावयास सांगितला आहे. ज्याचा अग्नि मंद आहे किंवा ज्यास ग्रहणी, अतिसार यांसारखे विकार आहेत त्यानें पाणी बेतानें प्यावें, आणि शरद् व ग्रीष्म हे ऋतु वगळतां निरोगी माणसानेंहि थोडें थोडेंच प्यावें, असेंहि तेथें म्हटलें आहे. असें असतां कांहीं मंडळी उषःपानाच्या नांवाखालीं उठल्याबरोबर तांब्याभर पाणी एका दमांत रिचवितात आणि तासभर मळमळत बसतात. ज्यास तें सोसतें त्यानें खुशाल करावें. ज्यास सोसत नाहीं त्यानें अर्धें फुलपात्र घेऊन दहा मिनिटें थांबावें. साधें पाणी जठरांत फार वेळ राहात नाहीं. एका पेल्यापैकीं निम्में तर बहुधा पाव तासाच्या आंतबाहेरच पुढें उतरतें. म्हणून थोडें पिऊन थोडें थांबणारास दिवसाचें पाणी पुरें करणें कठिण जात नाहीं.

रोज आठ पेले पाणी प्यालेंच पाहिजे, या समजाचाहि येथें परामर्श घेतला पाहिजे. अमेरिकेंतील अन्न व पोषण मंडळानें १९४५ सालीं प्रौढ माणसास दिवसाला सुमारें अडीच लिटर पाणी लागतें असें लिहिलें, आणि त्यांतील बराचसा भाग अन्नांतूनच मिळतो असें लगोलग पुढें जोडलें. लोकांनीं पहिलें वाक्य पाठ केलें व दुसरें सोडून दिलें. २००२ सालीं डॉक्टर हाइन्झ व्हॅल्टिन यांनीं आठ पेल्यांच्या या नियमास शास्त्रीय आधार शोधून पाहिला. तो त्यांस मिळाला नाहीं. ग्रंथ अर्धा वाचला म्हणजे कसा अनर्थ होतो याचें हें चांगलें उदाहरण आहे. वरण, आमटी, ताक, पेज, फळें यांतूनहि पाणी पोटांत जात असतें. लघवीचा रंग फिकट पिंवळा असला म्हणजे पाणी पुरेसें आहे असें ढोबळमानानें समजावें; गडद असला तर वाढवावें. ज्यांस हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा विकार आहे त्यांनीं मात्र आपल्या डॉक्टरांनीं घालून दिलेलें मापच पाळावें.

पाण्याच्या ऊनथंडपणाचा संबंधहि प्रमाणाशींच आहे. फ्रिजमधील थंडगार पाण्यानें जठराचीं आकुंचनें कांहीं काळ मंदावतात. ज्याचें पोट आधींच नाजूक त्यास तें जड वाटतें. अशांनीं माठाचें किंवा कोमट पाणी घ्यावें. ऊन पाणी दीपन व पाचन आहे हें आपल्या वैद्यकाचें मत जुन्या माणसांस ठाऊक आहेच.

तिसरा प्रश्न भांड्याचा. तांब्याच्या भांड्यांत रात्रभर ठेवलेलें पाणी पिण्याचा प्रघात अलीकडे पुन्हां वाढला आहे. ताक किंवा आमटी बिनकल्हईच्या भांड्यांत ठेवली म्हणजे कळकते, हें आपल्या आजीस शाळेंत न जातां माहीत होतें. आंबट पदार्थांत तांबें उतरतें, आणि तें पोटांत गेलें कीं मळमळ, उलटी, कळ सुरू होते. नुसत्या पाण्यांत तें फार थोडें उतरतें, तरी कांहीं विहिरींचें पाणी मुळांतच किंचित् आम्ल असतें आणि त्यांत अधिक उतरतें. जागतिक आरोग्य संघटनेनें पिण्याच्या पाण्यांत तांब्याची मर्यादा लिटरास २ मिलिग्रॅम ठेवली आहे. म्हणून तांब्याच्या भांड्यांत लिंबाचें पाणी कधींहि ठेवूं नये. चिंचेनें घांसलेलें भांडें चांगलें विसळावें. आणि सकाळच्या पाण्यानें मळमळत असेल तर आठ दिवस स्टीलच्या किंवा मातीच्या भांड्यांतील पाणी पिऊन पाहावें.

चौथा प्रश्न पाणी कोठलें हा. 'नव्या गांवचें पाणी लागलें' असें आपण म्हणतों, त्यांत बरेंच तथ्य आहे. अकोला, अमरावती व बुलढाणा या जिल्ह्यांतील पूर्णा नदीच्या खोऱ्यांत खारपाणपट्टा आहे; तेथील जमिनींतील पाणी खारट आहे हें तिकडील प्रत्येक गृहिणी जाणते. अन्यत्रहि खोल बोअरच्या पाण्यांत क्षार फार असतात. त्यांपैकीं मॅग्नेशियम व सल्फेट हे दोन अधिक झाले म्हणजे संवय नसलेल्या माणसाचें पोट ढाळतें. भारतीय मानक ब्यूरोच्या २०१२ च्या मानकाप्रमाणें पाण्यांत विरघळलेले एकूण क्षार लिटरास ५०० मिलिग्रॅमपर्यंत असावेत. दुसरा झराच नसेल तर २००० पर्यंत चालवून घ्यावे. सल्फेटाची मर्यादा २०० मिलिग्रॅम आहे. बोअरचें पाणी पिणाऱ्या कुटुंबानें तें एकदां प्रयोगशाळेंत तपासून घेणें इष्ट. येथें एक भेद नीट ध्यानांत ठेवावा: उकळल्यानें जंतु मरतात, क्षार जात नाहींत, निवळीच्या बीनें किंवा तुरटीनें गाळ खालीं बसतो, पण तेवढ्यानें पाणी निर्जंतुक झालें असें होत नाहीं. एकाच पाण्यानें घरांतील दोघांतिघांस एकदम त्रास होऊं लागला तर दोष पोटांचा नसून पाण्याचा आहे, असें धरून चालावें.

आतां यांपैकीं आपलें कारण कोणतें, हें कसें ओळखावें? न्यायशास्त्रांतील अन्वय-व्यतिरेकाची पद्धति येथें उत्तम लागू पडते. जें असतां त्रास होतो आणि जें नसतां होत नाहीं, तें कारण. एक वही करावी. आठ दिवस पाणी कधीं, किती, ऊन कीं थंड, रिकाम्या पोटीं कीं जेवणावर, कोणत्या भांड्यांतून घेतलें आणि नंतर काय झालें, हें लिहावें. त्यानंतर एका वेळीं एकच गोष्ट बदलावी. भांडें, पाणी व वेळ हीं तिन्ही एकदम बदलणारास गुण येईल, पण कशानें आला हें कळणार नाहीं, आणि तो जन्मभर तिन्ही निर्बंध पाळीत बसेल.

नुसतें पाणी जातच नाहीं अशांनीं तें दुसऱ्या रूपानें घ्यावें. जिरें घालून उकळलेलें पाणी, सुंठीचें पाणी, भाताची पेज, मुगाचें कढण, पातळ ताक, हीं सर्व पाण्याचींच रूपें आहेत. सुंठ व आलें यांनीं मळमळ कमी होते हें आधुनिक परीक्षांतहि दिसून आलें आहे. उन्हांतून आलेल्या पाहुण्यापुढें गूळपाणी ठेवण्याची आपली चाल या दृष्टीनेंहि चांगली: गुळाचा खडा चघळतांना मनुष्य जरा थांबतो, दम खातो आणि मग घोट घोट पितो. डोहाळे लागलेल्या सुनेस पाण्याचा वासहि नकोसा होतो. तिला आग्रह करूं नये, दर पांच-दहा मिनिटांनीं चमचा-दोन चमचे द्यावे, लिंबाचा थेंब चालत असेल तर घालावा. तिला घोटभर पाणीहि टिकेनासें झालें, तर मात्र त्याच दिवशीं डॉक्टरांकडे न्यावें.

जुलाब व उलट्या होत असतां नुसतें पाणी पुरत नाहीं. साखर व मीठ हीं बरोबर असलीं म्हणजे आंतडें पाणी झपाट्यानें शोषून घेतें. १९७१ सालीं बनगांव येथील निर्वासितांच्या छावणींत कॉलऱ्याची सांथ असतां डॉक्टर दिलीप महालनबीस यांनीं हेंच साखर-मिठाचें पाणी पाजून असंख्य माणसें वांचविलीं. औषधी दुकानांतील पुडी न मिळाल्यास एक लिटर उकळून निवविलेल्या पाण्यांत सहा सपाट चहाचे चमचे साखर व अर्धा सपाट चमचा मीठ घालावें. मूल ओकलें तर दहा मिनिटें थांबून पुन्हां चमच्याचमच्यानें द्यावें. बंद करूं नये.

शेवटीं, घरगुती उपायांवर विसंबूं नये असे प्रसंग सांगतों. रिकाम्या पोटीं आग होते आणि पाणी पितांच कळ येते, अशा माणसाच्या जठरांत व्रण किंवा सूज असण्याचा संभव असतो. सांधेदुखीच्या व डोकेदुखीच्या गोळ्या उपाशीपोटीं घेणाऱ्यांनीं याचा विशेष विचार करावा. १९८२ सालीं ऑस्ट्रेलियांतील पर्थ शहरीं बॅरी मार्शल व रॉबिन वॉरन यांनीं अशा व्रणांच्या बुडाशीं असलेला एक जंतु हस्तगत केला, त्याबद्दल त्यांस २००५ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें, आणि तेव्हांपासून पूर्वीं वर्षानुवर्षें छळणारा हा रोग ठराविक दिवसांच्या औषधांनीं बरा होऊं लागला. पाण्याचा घोटहि छातींत अडकणें, विनाकारण वजन घटणें, शौचास डांबरासारखें काळें होणें, उलटींत रक्त पडणें, जेवणानंतर कित्येक तासांनीं हललें तरी पोटांत पाण्याचा खळखळाट ऐकूं येणें, यांपैकीं एकहि लक्षण दिसलें तर दिवस गमावूं नये. जुना मधुमेह असणारांचें जठर मंद होतें, त्यांनींहि सांगावें. आणि पोटाच्या वरच्या भागीं दडपण येऊन घाम फुटला, कळ जबड्यास किंवा हातास गेली, तर तें पाण्याचें किंवा वायूचें निमित्त न मानतां तत्काळ रुग्णालय गांठावें. पुष्कळ घरांत हृदयविकाराचा झटका ओव्याच्या फक्कीवर दवडला गेलेला आहे.

घरांतील कर्त्या माणसांस आमची एवढीच विनंति आहे, कीं रात्रीं पानें उठल्यावर सर्वांच्या मागून जेवणाऱ्या बायकांस एकदां विचारावें: आज दिवसभरांत पाणी किती प्यालीस? उत्तर देतांना ती अडखळली, तर दुसऱ्या दिवसापासून वही घालावी.