बहिरी ससाण्याचा ताळेबंद

१९६१ साली ब्रिटनमध्ये एक पाहणी सुरू झाली. बहिरी ससाणे फार माजले असून ते आपली शर्यतीची कबुतरे मारतात, अशी कबुतरे पाळणाऱ्यांची तक्रार होती. डेरेक रॅटक्लिफ यांनी केलेल्या त्या पाहणीचा निष्कर्ष मात्र तक्रारीच्या नेमका उलट निघाला. ससाणे वाढले तर नव्हतेच. ते झपाट्याने नाहीसे होत होते.

कारणाचा शोध घेताना संग्राहकांच्या पेट्यांत पडून राहिलेली जुनी अंडी कामी आली. त्यांच्याशी तुलना करून रॅटक्लिफ यांनी १९६७ मध्ये दाखवून दिले, की १९४०च्या दशकाच्या अखेरीपासून अंड्यांची कवचे एकाएकी पातळ झाली होती. डीडीटीचा प्रसार झाला तो याच काळात. शेतात फवारलेले हे विष किड्यांतून लहान पक्ष्यांत आणि त्यांच्यातून ससाण्यांच्या शरीरात साचत गेले. मादी उबवायला बसली, की तिच्याच भाराने अंडे फुटे.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला यात नवल वाटू नये. डीडीटी स्वस्त होते. पण दुकानातील किंमत ही त्याची पूर्ण किंमत नव्हती. उरलेला खर्च विकणाऱ्याने सोसला नाही, घेणाऱ्यानेही नाही. तो ससाण्याच्या नावे पडला. असा खर्च बाजार आपण होऊन कधीच मांडत नाही. तो कायद्यानेच मांडावा लागतो.

अमेरिकेने तो १९७२ मध्ये मांडला आणि डीडीटीचा शेतीतील वापर बंद केला. तरीही १९७५ साली उत्तर अमेरिकेत ससाण्यांची अवघी ३२४ ज्ञात जोडपी उरली होती. टॉम केड यांनी १९७० मध्ये स्थापन केलेल्या ‘पेरेग्रीन फंड’ने आणि इतरांनी पिंजऱ्यात पिल्ले वाढवून ती रानात सोडली, उत्तर अमेरिकेत अशी सहा हजारांहून अधिक पिल्ले सोडण्यात आली. १९९९ मध्ये हा पक्षी तेथील संकटग्रस्तांच्या यादीतून वगळला गेला.

डीडीटीने हिवतापापासून असंख्य माणसे वाचविली, हे कोणीही नाकारणार नाही. परंतु अमेरिकेच्या बंदीतही सार्वजनिक आरोग्यासाठी सवलत होतीच. तेव्हा माणूस की पक्षी, असा हा वाद नव्हे. वापर कोठे व किती करावा आणि त्याचा भार कोणावर पडतो, एवढाच प्रश्न आहे.

हा प्रश्न आपल्या दारातही येऊन गेला आहे. गुरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफेनॅकमुळे गिधाडे मरतात, हे २००४ मध्ये सिद्ध झाले. त्या संशोधनात ‘पेरेग्रीन फंड’चाही वाटा होता. भारताने २००६ मध्ये या औषधाच्या पशुवैद्यकीय वापरास आळा घातला. पण तोवर पांढऱ्या पाठीची गिधाडे शंभरातील एकसुद्धा उरली नव्हती. ससाण्याची मादी एका वेळी तीन-चार अंडी घालते. गिधाडाची मादी वर्षाला एकच. तेथे उशिराचे व्याज कितीतरी पटींनी चढते.

म्हणूनच नव्या द्रव्याला परवाना देण्यापूर्वीच त्याचा पूर्ण हिशेब मागितला पाहिजे. ससाण्याचे कर्ज फेडता आले. प्रत्येक कर्ज फेडता येईलच, असे नाही.