चार सेकंदांचा मातम

रोलर कोस्टरचा शौक मलाही आहे, म्हणूनच बोलतो. अमेरिकेत, ओहायोच्या सीडर पॉइंटमधली 'टॉप थ्रिल ड्रॅगस्टर' बदलून 'टॉप थ्रिल २' झाली. शौकिनांचा गिल्ला एकच: पूर्वी चारेक सेकंदांत ताशी १९३ किलोमीटरचा वेग यायचा, आता पुढे, मागे, पुन्हा पुढे असे तीन धक्के लागतात. अहो, ऑगस्ट २०२१ मध्ये त्या जुन्या गाडीचा धातूचा तुकडा उडून रांगेतल्या बाईच्या डोक्याला लागला! ती तर गाडीत बसलीही नव्हती. तिच्यासाठी मातम कुणी केला? मे २०२४ मध्ये नवी गाडी काही दिवसांतच बंद ठेवली, तर टिंगल झाली. मला ते बंद दार आवडलं. आणि ४२० फुटी उभ्या मनोऱ्यावर पाठमोरं चढणं हा थरार नाही, तर काय आहे?