बाण काढलाय, पण कशाचा?

हल्ली हापिसात कुणीही उठतो, पायथनमध्ये नेटवर्कएक्स घेतो, चार ओळी खरडतो आणि शे-दोनशे गोल आणि त्यांना जोडणाऱ्या बाणांचं जाळं पडद्यावर टाकतो. "ही बघा आपली सगळी सिस्टिम!" लोक माना डोलावतात. कळलेलं कुणालाच काही नसतं, पण चित्र भारी दिसतं ना! मांजराने खेळून टाकलेला लोकरीचा गुंडा परवडला, त्याचं एक टोक तरी सापडतं.

माझा राग नेटवर्कएक्सवर नाही. फुकट आहे, चांगलं आहे. राग आहे तो "प्रोग्रामने काढलंय म्हणजे बरोबरच असणार" या समजुतीवर. तुम्ही काही न सांगता चित्र काढायला लावलंत, तर ते गोलांना जोडणाऱ्या रेषांना स्प्रिंगा समजतं आणि सगळं ओढून-ढकलून बसवतं. फ्रुश्टरमन आणि राइनगोल्ड यांची ही पद्धत १९९१ ची. तिला बाणाची दिशा कळतच नाही! सुरुवातीच्या जागाही रँडम, त्यामुळे सीड दिला नाहीत तर काल डावीकडे असलेला सर्व्हर आज उजवीकडे. म्हणजे दिशा नसलेला ग्राफ काढायचा आणि वर बाणाची टोकं चिकटवायची.

दिशा असलेल्या ग्राफसाठी वेगळी पद्धत आहे. १९८१ साली सुगियामा आणि मंडळींनी ती मांडली: आधी पायऱ्या पाडा, मग एकमेकींना छेदणाऱ्या रेषा कमी करा. बेल लॅब्सवाल्यांच्या ग्राफविझमधला 'डॉट' याच वाटेने जातो. (गंमत म्हणजे १९८१ सालीच आमच्या नाशिकजवळ एकलहऱ्याला २१० मेगावॅटच्या तीन संचांपैकी शेवटचा सुरू झाला. म्हणून उदाहरण घरचंच घेतो.) डॉटमध्ये सरळ लिहायचं:

कोळसा -> मिल -> बॉयलर -> टर्बाइन -> जनित्र -> ग्रिड

हो, नावं मराठीत चालतात, फक्त फॉन्ट नीट द्या. चित्र सुरेख येतं. औष्णिक वीज केंद्र म्हणजे एक सरळ रांग. पण हे अर्धसत्य आहे.

टर्बाइनमधून निघालेली वाफ कंडेन्सरमध्ये जाते, तिचं पाणी होतं, फीड पंप ते पुन्हा बॉयलरमध्ये ढकलतो. चक्र! आणि पायऱ्यांच्या चित्रात चक्राला जागाच नाही. मग डॉट काय करतो? गुपचूप एक बाण उलटा धरतो, मांडणी करतो आणि शेवटी टोक पुन्हा सरळ लावतो. कुठला बाण उलटा धरायचा? नुसतं हे चक्र काढून बघा. पंपाची ओळ आधी लिहा, पंप सगळ्यात वर जाऊन बसेल, जणू वीज केंद्राची सुरुवात पंपापासून होते. बॉयलरची आधी लिहा, बॉयलर वर. प्रोग्राम बिचारा काय करणार, त्याला कुणीतरी पहिला मानायलाच लागतो. तो कोण हे तुम्ही ठरवलं नाहीत तर तुमच्या टायपिंगचा क्रम ठरवणार.

आता तो शेवटचा, ग्रिडकडे जाणारा बाण. केंद्र बंद असेल तर मिल, पंखे, पंप चालवायला वीज कुठून आणायची? ग्रिडमधून. म्हणजे सुरू होताना बाण उलटा! देशातली बहुतेक औष्णिक केंद्रं अशीच आहेत. ग्रिडच झोपली की ती आपली आपण उठू शकत नाहीत.

२०१२ साली हे सगळ्या देशाने पाहिलं. पश्चिमेकडून उत्तरेकडे वीज चालली होती. ३० जुलैच्या पहाटे बीना-ग्वाल्हेर ही ४०० केव्हीची लाइन तुटली, तिचं दुसरं सर्किट कामासाठी आधीच बंद होतं. वीज थांबली नाही, पश्चिम-पूर्व-उत्तर अशी वळसा घालून निघाली. ती वाट तिला पेलेना आणि उत्तरेची ग्रिड कोसळली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, आणि त्या वेळी उत्तर, पूर्व, ईशान्य तिन्ही. ६० कोटींहून जास्त लोकवस्तीचा प्रदेश अंधारात. पश्चिमेची ग्रिड वाचली.

अशा जाळ्यात कायमचा बाण काढणं म्हणजे थाप मारणं. रेष बिनदिशेची ठेवा, त्या क्षणी वीज किती आणि कुठे चाललीय त्या आकड्याच्या चिन्हावरून प्रोग्रामला बाण काढू द्या, आणि चित्रावर वेळ लिहा. हे करायला दहा ओळी जास्त लागतात, बास.

"आमचं काय, आम्ही थोडीच वीज बनवतो!" असं म्हणणाऱ्यांसाठी. एका कंपनीत (नाव सांगत नाही) एका टीमचा बाण म्हणजे 'हा त्याच्यावर अवलंबून', दुसऱ्या टीमचा म्हणजे 'डेटा तिकडे जातो'. नेमके उलटे. दोन्ही ग्राफ एकत्र करून एक देखणं चित्र भिंतीवर लागलं. एका रात्री सगळं पडलं, ड्यूटीवरच्या पोराने चित्र बघून बाणांच्या क्रमाने सर्व्हिसेस चालू केल्या, आणि डेटाबेस शेवटी उठला. सकाळी बोलणी कुणी खाल्ली? पोराने. चित्र अजून भिंतीवर आहे.

यावर ठरलेलं उत्तर येतं: "अहो, पण क्लायंटला छान दिसायला हवं ना!" मग ठिपक्यांची रांगोळी काढा की. त्यात दिशा नसते, आणि चुकली तर फार तर सासूबाई बोलतात :-)