कुठले त्रेचाळीस फूट?

इंजिनिअरिंगच्या व्हायव्हात 'इंट किती बाइटचा?' असं विचारलं की आमच्या बॅचने एका सुरात 'दोन' सांगितलं. कारण लॅबमध्ये टर्बो सी होतं. तोच निळा पडदा, १९९०च्या सुमाराचा कंपायलर, डॉसबॉक्समध्ये कसाबसा जिवंत ठेवलेला. पुढे कँपसला आलेल्या कंपनीने तोच प्रश्न विचारला, तर बरोबर उत्तर 'चार' निघालं. मग सगळ्यांनी वहीत दोन खोडून चार लिहिलं आणि विषय संपला. पण मंडळी, दोन्ही उत्तरं अर्धवटच आहेत. सी भाषेचं प्रमाण फक्त 'किमान १६ बिट' एवढंच सांगतं. उरलेलं मशीन आणि कंपायलर मिळून ठरवतात. हे ज्यांना कॉलेजात कुणी सांगितलं नाही, ते आता कोड रिव्ह्यूमध्ये 'आपल्या मशीनवर चालतंय ना, मग झालं' असं म्हणतात. आजचा लेख त्यांच्यासाठी आहे.

हे समजायला आमच्या नरसोबाच्या वाडीला या. (येताना कवठाच्या बर्फीसाठी पिशवी मोकळी ठेवा.) वाडीला कृष्णा आणि पंचगंगा मिळतात. पावसाळ्यात इथल्या माणसाला दोन आकड्यांवर लक्ष ठेवावं लागतं. एक कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावरची पंचगंगा: इशारा ३९ फूट, धोका ४३ फूट. दुसरा सांगलीच्या आयर्विन पुलावरची कृष्णा: इशारा ४०, धोका ४५. आता कुणी फोनवर नुसतं 'पाणी त्रेचाळीस झालं' म्हणालं, तर वाडीचा माणूस आधी 'कुठलं?' असं विचारतो. राजारामला त्रेचाळीस म्हणजे धोका, आयर्विनला त्रेचाळीस म्हणजे अजून दोन फूट बाकी. आकडा एकच, पण मोजपट्टी वेगळी. २०१९ आणि २०२१चा पूर पाहिलेल्या माणसाला हे शिकवावं लागत नाही. आमच्या सीनियर डेव्हलपरना मात्र लागतं!

डीबगरचं काम नेमकं हेच आहे. तुम्ही डीबगरला ४०००० हा आकडा देता. तो कुठल्या प्रकारचा? तुमच्या लॅपटॉपवर साधा इंट. पण समोर जोडलेला चिप आर्डुइनो उनोवरचा एव्हीआर असेल, तर तिथे इंट १६ बिटांचा, कमाल ३२७६७. म्हणजे सीच्या नियमाने दशमान ४०००० हा लाँग होतो. तोच आकडा हेक्साडेसिमलमध्ये लिहिलात तर अनसाइन्ड इंट होतो. किंमत तीच, लिहिण्याची पद्धत बदलली की प्रकार बदलला, आणि प्रकार बदलला की तुलना, भागाकार, शिफ्ट सगळ्यांची उत्तरं बदलू शकतात. डीबगर स्वतः चालतो तुमच्या ६४ बिटी लॅपटॉपवर, पण विचार त्याला समोरच्या चिपच्या डोक्याने करायचा असतो. त्याने चुकून स्वतःची मोजपट्टी लावली तर तो चूक दाखवतो असंही नाही, अगदी शांतपणे खोटं उत्तर देतो. आणि डीबगरच्या उत्तरावर आपण संशय घेत नाही. बग शोधायला जे हत्यार घेतलं त्यातच बग असेल, हे रात्री दोन वाजता कुणाला सुचतं?

अजून एक आकडा बघा: २१४७४८३६४८. ज्या मशीनवर लाँग ३२ बिटांचा आहे तिथे १९८९च्या सी प्रमाणानुसार हा अनसाइन्ड लाँग ठरतो, १९९९च्या प्रमाणानुसार लाँग लाँग. त्यामुळे 'उणे २१४७४८३६४८ हे शून्यापेक्षा लहान आहे का?' या बाळबोध प्रश्नाचं उत्तर जुन्या नियमाने चक्क 'नाही' येतं. ६४ बिटी लिनक्सवर लाँग ६४ बिटांचा, ६४ बिटी विंडोजवर लाँग ३२ बिटांचाच. आता सांगा, 'माझ्या मशीनवर चालतंय' याचा अर्थ काय होतो?

'पण असली मशीनं वापरतं कोण?' हा पुढचा युक्तिवाद. मी हा एका मीटिंगमध्ये प्रत्यक्ष ऐकला आहे, नंतर सगळे हसलेही होते. वापरतं कोण? माझा आत्तेभाऊ वापरतो. डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला त्याने पाण्याची पातळी मोजणारं यंत्र केलं. एका मिनिटाचे मिलिसेकंद म्हणून कोडमध्ये ६० गुणिले १०००. लॅपटॉपवर उत्तर साठ हजार. उनोवर उत्तर उणे ५५३६, कारण दोन्ही आकडे १६ बिटी इंट. शिवाय मिलिसचं उत्तर तो इंटमध्ये ठेवत होता, ते उनोवर ३३ सेकंदांच्या आतच उणे व्हायचं. कुणीतरी सल्ला दिला, 'ईएसपी३२ घे, तिथे हा प्रॉब्लेम नाही.' घेतलं, आणि चाललं! पण तिथे इंट ३२ बिटांचा, म्हणजे तोच बग साधारण पावणेपंचवीस दिवसांनी उगवणार. जूनअखेरीला बसवलेलं यंत्र जुलैच्या शेवटी वेडं होणार, म्हणजे ऐन पुरात. मोठ्या इंटने बग गेला नाही, नुसता पुढे ढकलला गेला. अनसाइन्ड लाँग घेऊन वजाबाकीने अंतर काढलं की प्रश्न सुटतो, पण त्यासाठी आधी प्रश्न दिसायला हवा.

आणि हे फक्त विद्यार्थ्यांचं खेळणं नाही. २०२०पासून ॲपलचे लॅपटॉप आर्मवर गेले, क्लाउडमध्ये आर्म सर्व्हर भाड्याने मिळतात. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅकने रिस्क-फाइव्हवर 'वेगा' प्रोसेसर काढले, त्यातही ३२ बिटी आणि ६४ बिटी दोन्ही आहेत. आर्म लिनक्सवर साधा कॅर अनसाइन्ड असतो, इंटेलवर साइन्ड. उणे एक कॅरमध्ये ठेवून तुलना करणाऱ्या कोडचं तिथे काय होतं ते करून बघा.

आता 'एवढं टेस्ट करायला वेळ कुठे आहे?' हा शेवटचा बाण. जीडीबी या डीबगरच्या टेस्टमध्ये खास आकडे वाचण्याची एक टेस्ट आहे. सीमारेषेवरचे आकडे, दशमान आणि हेक्स दोन्ही, डीबगरला येणाऱ्या सगळ्या भाषांत आणि सगळ्या आर्किटेक्चरवर. गुणाकार केलात तर लक्षात येईल की ही टेस्ट किती फुगते. मग त्या लोकांनी काय केलं? टेस्ट काढून नाही टाकली. ज्या आर्किटेक्चरवर इंट, लाँग वगैरेंचे आकार सारखे आहेत त्यांचे गट पाडले आणि एरवी प्रत्येक गटातला एकच प्रतिनिधी घ्यायचा ठरवलं. सगळं हवं असेल तर एक स्विच आहेच. याला म्हणतात वेळ वाचवणं. आपल्याकडे मात्र 'वेळ नाही' म्हणजे एकच मशीन, एकच भाषा आणि टेस्टसाठी आकडे कोणते? १, २ आणि १००!

उबंटूवर जीडीबी-मल्टिआर्क इन्स्टॉल करायला पाच मिनिटं लागतात. आर्किटेक्चर एव्हीआर करा आणि इंटचा आकार विचारा. दोन येतो, चिप विकत न घेता. बाकी आर्किटेक्चरसाठी क्यूएमू फुकट आहे. आणि टेस्टमध्ये ३२७६७, ३२७६८, ६५५३५, ६५५३६ आणि वरचा तो २१४७४८३६४८ एवढे तरी घाला. जमलं तर एक देवनागरी ४३ पण टाका: पायथन आणि जावा तो आकडा मुकाट्याने वाचतात, जावास्क्रिप्ट 'हा आकडाच नाही' म्हणतं, आणि सीचा स्ट्रटॉल शून्य देऊन गप्प बसतो. तुमचा पूर-इशारा मराठीतून येणाऱ्या फॉर्मवर चालत असेल, तर हा शून्य कुठे जातो ते सोमवारी ऑफिसात जाऊन बघा.